निकाहचे फोटो धूसर का येतात?

कोल्हापूरला कॅमेऱ्याचे वेड जुने. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सिनेमावाले कॅमेऱ्यापासून नटापर्यंतचे अंतर टेपने मोजतात आणि तरीही चित्र धूसर आले तर तोच प्रसंग पुन्हा घेतात. निकाहमध्ये मात्र रीटेक नसतो. काझीसाहेबांनी विचारले, दूल्ह्याने 'कुबूल है' म्हटले, की तो क्षण गेला. म्हणून फोटो काढणाऱ्याने आणि घरच्यांनीही आधीच काही गोष्टी ठरवून ठेवलेल्या बऱ्या.

धूसर फोटोची कारणे मुख्यतः तीन. फोटो मोठा करून पाहिला की नेमके कोणते ते कळते. चेहरा धूसर पण मागचा पडदा किंवा पुढची फुले स्पष्ट असतील, तर फोकस चुकीच्या जागी बसला. भिंतीसकट सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर कॅमेरा हलला. भिंत स्वच्छ आणि फक्त हात किंवा चेहरा पुसटलेला असेल, तर माणूस हलला. दुखणे कोणते ते कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

आपल्याकडे पहिला अडथळा सेहऱ्याचा. कॅमेरा आपोआप फोकस करताना उजेड-सावलीचा ठळक फरक शोधतो आणि बऱ्याचदा जवळची वस्तू पकडतो. त्यामुळे सेहऱ्याची फुले लख्ख येतात आणि दूल्ह्याचा चेहरा धूसर. यावर उपाय म्हणजे फोकसचा एकच बिंदू निवडायचा आणि तो कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवायचा. सेहरा कधी बाजूला करणार, हे दूल्ह्याच्या भावाला किंवा मामूंना आधीच विचारून ठेवावे.

दुसरी बाब लेन्सच्या तोंडाची. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात सुमारे १७ सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणजे वीतभरही नाही. दूल्हा स्पष्ट आला तर शेजारचे अब्बा धूसर होणार. एफ ४ वर हीच खोली दुपटीहून जास्त होते. घरच्यांच्या ग्रुप फोटोला एफ ५.६ ते एफ ८ ठेवावे आणि रांगा एकमेकींना चिकटून उभ्या कराव्यात. दोन रांगा असतील तर पुढच्या रांगेवर, तीन असतील तर मधल्या रांगेवर फोकस करावा.

तिसरी बाब शटरचा वेग. बसलेल्या माणसांसाठी सेकंदाचा १२५वा भाग, चालत्या माणसांसाठी २५०वा भाग, याहून मंद नको. उजेड कमी वाटला तर आयएसओ वाढवावा. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतात, पण पुसटलेला चेहरा नंतर नीट होत नाही. लेन्समधील स्थिरीकरण हात हलण्यापासून वाचवते, समोरचा माणूस हलला तर त्याचा उपयोग नाही. मशिदीत फ्लॅश वापरण्याआधी इमामसाहेबांना जरूर विचारावे.

सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते जनानखान्यात. वकील आणि दोन गवाह दुल्हनची इजाजत घ्यायला जातात, ती निकाहनाम्यावर सही करते. हा तिच्या रजामंदीचा क्षण! पण खोलीत उजेड बेताचा, गर्दी दाट आणि कॅमेरावाला त्या वेळी दूल्ह्याजवळ. अशा वेळी एखाद्या फोटोग्राफर भगिनीला बोलवावे, नाहीतर घरातल्या मुलीकडे मोबाइल द्यावा. दुल्हनला खिडकीजवळ बसवावे. चेहऱ्याचा फोटो नको असेल, तर हात, पेन आणि कागद यांवर फोकस करावा. आठवण राहते आणि पडदाही राखला जातो.

मोबाइलवाल्यांनी इतके करावे: बोटांचा तेलकटपणा लेन्सला लागतो, म्हणून आधी ती मऊ कापडाने पुसावी. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून क्षणभर दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस तिथेच बांधला जातो. झूम करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. कोपर अंगाला टेकवून दोन्ही हातांनी फोन धरावा. आणि स्त्रियांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नयेत.

घरच्यांचेही एक काम आहे. खुतब्यापूर्वी फोटोग्राफरला बसायची जागा दाखवावी, ज्यांचे फोटो हवेतच अशा बुजुर्गांची ओळख करून द्यावी आणि सहीच्या वेळी मध्ये उठणाऱ्या पाहुण्यांना हळूच बसवावे. नानी-दादी प्रत्येक लग्नाला असतीलच असे नाही. त्यांचा एक तरी स्पष्ट फोटो, त्या निवांत बसलेल्या असताना, जेवणाच्या गडबडीआधीच काढून घ्यावा.