सहा स्वरांचें बीज

लहानशा बीजापासून वृक्ष होतो, हें आपण नित्य पाहतों. परंतु पांच-सहा स्वरांपासून सबंध संगीतरचना कशी उभी राहते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तें एका उदाहरणानें आमच्या वाचकांस सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

मोजक्या वादकांनीं दिवाणखान्यांत बसून वाजवावयाच्या संगीतास युरोपांत ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. त्यांत दोन व्हायोलिनें, एक व्हिओला व एक चेलो अशा चार तंतुवाद्यांच्या रचनेस मोठा मान आहे. बेथोव्हेन ह्या जर्मन संगीतकारानें व्हिएन्ना शहरीं अशा सहा रचना करून त्या १८०१ सालीं प्रसिद्ध केल्या.

त्यांतील पहिलीचा आरंभ आपल्या सरगमांत असा लिहितां येईल : एक दीर्घ सा, मग त्वरेनें रे सा नी सा, आणि शेवटीं खालचा प. एवढेंच तें बीज! आरंभीं चारही वाद्यें तें एकदम वाजवितात. पुढें कधीं तें निराळ्या स्वरावरून उठतें. कधीं एका वाद्यानें सोडतांच दुसरें तें उचलून घेतें. कधीं चेलो तें खालीं घोळवीत असतां वर दुसरीच सुरावट चालते. पहिल्या खंडांत तें शंभराहून अधिक वेळां येतें, तरी कंटाळा येत नाहीं. कारण ओळख तीच राहून स्थान, जोर व सोबत हीं पालटत असतात.

परंतु हें सहज साधलें नाहीं. त्याच्या वहीचीं कित्येक पानें ह्या बीजाच्या खटपटीनें भरलेलीं आहेत. १७९९ सालीं त्यानें ही रचना आमेंडा नांवाच्या मित्रास भेट दिली, आणि १८०१ सालीं त्यास कळविलें कीं, ती कोणास देऊं नये. आपण तींत पुष्कळ फेरफार केले असून अशी रचना कशी करावी हें आपणांस आतां कोठें समजलें आहे. सुदैवानें ती जुनी प्रतही टिकली आहे. दोन्ही ताडून पाहतां असें दिसतें कीं, जुन्या प्रतींत तें बीज याहूनही अधिक वेळां आलें होतें. सुधारतांना त्यानें तें ठिकठिकाणीं गाळलें.

विद्यार्थीमित्रहो, निबंध लिहितांनाही हें ध्यानांत धरावें. एक विचार घेऊन तो नाना अंगांनीं फुलवावा; आणि दिलेली भेटही सुधारण्याची लाज बाळगूं नये.