अडगावचं चांदणं, पॅरिसचे घोडे

मूर्तिजापूरहून दर्यापूर, अकोट करत पुढं गेलं की तेल्हारा तालुक्यात अडगाव लागतं. आजूबाजूला काळी रानं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी दिवस कलताना इथं नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी गाठ पडली.

त्यानंतर नऊ वर्षांनी पॅरिसमध्ये एकवीस वर्षांच्या चित्रकार जेरिकोनं एक भलंमोठं चित्र मांडलं. मागच्या पायांवर उभा ठाकलेला घोडा, खोगिरावर पाठीमागं वळलेला शिपाई, सभोवती धूर. शत्रू जवळजवळ दिसतच नाही! रोमँटिक चित्रकारांना लढाईचा नकाशा नको होता, हवा होता जनावराच्या अंगातला थरार. देलाक्रवानं तर १८२६ मध्ये बायरनच्या काव्यातले दोन स्वार एकमेकांवर घातले. घोडेही माणसांइतकेच इरेला पेटलेले.

जेरिको स्वतः पट्टीचा स्वार. तरी १८२१ च्या शर्यतीच्या चित्रात त्याचे घोडे चारी पाय फाकून हवेत तरंगतात. घोडा असा धावतच नाही. चारी पाय जमिनीवरून सुटतात, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. मायब्रिजच्या छायाचित्रांनी हे दाखवलं ते १८७८ मध्ये. पण डोळ्याला वेग पटतो तो जेरिकोचाच.

अडगावात काय झालं? तोफांच्या माऱ्यानं इंग्रजांच्या काही पलटणी आधी बिथरल्या. वेलस्लीनं त्या सावरल्या. शिंद्यांचे स्वार डाव्या बाजूच्या मद्रासी पलटणीवर चालून गेले आणि परतवले गेले. उगारलेल्या संगिनींच्या भिंतीवर घोडा सहसा जात नाही. त्यात शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो पडला की रोजगारच बुडाला. चित्रातल्या स्वाराला असला हिशेब नसतो.

मग मराठ्यांची फळी फुटली आणि चांदण्यात इंग्रज घोडदळानं मैलोन्‌मैल पाठलाग केला. घोडदळाची खरी कत्तल बहुधा अशीच, पळणाऱ्याच्या पाठीवर होते. देलाक्रवाला याहून चांगला विषय कुठला मिळता? पण चित्रकारांनी उचलली ती दोन महिने आधीची, वेलस्लीचीच असईची लढाई. तिचं गाजलेलं रंगीत छापचित्र विल्यम हीथच्या चित्रावरून निघालं, आणि असईच्या वेळी हीथ जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता.

अडगावच्या रानात अडतीस तोफा मागं राहिल्या. बरेचसे स्वार मात्र निसटले, आणि १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्लाही पडला.