‘आढळले नाही’ या शेऱ्याची व्याप्ती : अन्नपदार्थांतील कीडनाशक अवशेषांची चाचणी

प्रस्तावना

भाजीपाला, फळे वा धान्य यांच्या तपासणी-अहवालात ‘अवशेष आढळले नाहीत’ असा शेरा असला, की तो पदार्थ पूर्णतः कीडनाशकमुक्त आहे असा अर्थ बहुधा घेतला जातो. वृत्तपत्रे तसा घेतात, ग्राहक तसा घेतो आणि विद्यार्थ्यांचे पर्यावरणविषयक प्रकल्पही तसाच घेतात. वस्तुतः या शेऱ्याचा अर्थ मर्यादित आहे. विशिष्ट नमुन्यात, विशिष्ट पद्धतीने, विशिष्ट रसायनांचा शोध घेतला असता ती ठरावीक प्रमाणाच्या वर मिळाली नाहीत, एवढेच तो सांगतो. या मर्यादेचे भान न राहिल्यास केवढी किंमत मोजावी लागते, हे महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनी २०१० मध्ये अनुभवले. प्रस्तुत लेखात त्या प्रसंगाच्या आधारे चाचणीचे स्वरूप व तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

कमाल अवशेष मर्यादेचा अर्थ

प्रत्येक कीडनाशकासाठी आणि प्रत्येक पिकासाठी ‘कमाल अवशेष मर्यादा’ ठरविलेली असते. ही मर्यादा म्हणजे विषबाधेची सीमारेषा नव्हे. शिफारस केलेली मात्रा वापरून आणि फवारणी व काढणी यांमधील प्रतीक्षा काळ पाळून घेतलेल्या क्षेत्रीय प्रयोगांत जेवढा अवशेष उरतो, त्यावरून ती निश्चित केली जाते. त्यानंतर एवढा अवशेष आहारातून पोटात गेल्यास तो ‘स्वीकारार्ह दैनिक सेवना’च्या आत राहतो किंवा नाही, हे पडताळले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला अपाय दिसत नाही, तिचा सामान्यतः शंभरावा भाग म्हणजे हे स्वीकारार्ह सेवन होय.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या रसायनाचे स्वीकारार्ह दैनिक सेवन शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ०.०१ मिलिग्रॅम आहे असे मानू. ६० किलो वजनाच्या प्रौढासाठी ते ०.६ मिलिग्रॅम होते. फळात दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम अवशेष असल्यास ही पातळी गाठण्यासाठी रोज १२ किलो फळे खावी लागतील. १५ किलो वजनाच्या बालकासाठी मात्र हाच आकडा ३ किलोंवर येतो. त्यात इतर अन्नातून येणारे त्याच प्रकारचे अवशेष मिळविले, की सुरक्षिततेचे अंतर आणखी कमी होते. म्हणून मर्यादाभंग म्हणजे तात्काळ विषबाधा नव्हे. पण तो शेतातील वापर चुकल्याचा पुरावा असतो आणि तो दुर्लक्षणीय ठरत नाही.

नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत

युरोपीय संघात ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा नाही, तेथे दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. दहा टनांच्या दहा मालमोटारी भरून द्राक्षे घेतली, तर त्यांत मिळून १ ग्रॅम एवढे हे प्रमाण आहे. इतका सूक्ष्म अंश मोजताना पहिली पायरी प्रयोगशाळेत नव्हे, तर शेतात पडते. फवारा सर्व झाडांवर सारखा बसत नसल्याने बागेच्या सर्व भागांतून नमुना घ्यावा लागतो. दोन-चार घडांच्या नमुन्यावरून बागेविषयी काहीच सिद्ध होत नाही, मग यंत्र कितीही संवेदनशील असो.

प्रयोगशाळेत नमुना न धुता एकजीव केला जातो. त्यातील अवशेष सेंद्रिय द्रावकात ओढून घेतले जातात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्वेचर्स’ पद्धतीने हे काम सुलभ केले. तिच्या मूळ स्वरूपात १० ग्रॅम नमुन्यात १० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल मिसळून मॅग्नेशियम सल्फेट व मीठ घातले जाते. त्यामुळे पाणी व द्रावक यांचे थर वेगळे होतात आणि बहुतेक कीडनाशके द्रावकाच्या थरात येतात. पुढे गॅस वा लिक्विड क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरने त्यांची ओळख पटविली जाते. अशा रीतीने एकाच चाचणीत शेकडो रसायने तपासता येतात. मात्र जी रसायने द्रावकाच्या थरात येतच नाहीत, ती या चाचणीला दिसत नाहीत.

२०१० चा द्राक्ष हंगाम

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक अवशेष आढळल्यानंतर ‘अपेडा’ने निर्यातक्षम द्राक्षांसाठी अवशेष संनियंत्रण कार्यक्रम उभा केला. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा कार्यरत झाली. पुढे ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीमुळे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढणे शक्य झाले. बागांची नोंदणी, काढणीपूर्वी प्रयोगशाळेने घेतलेला नमुना आणि अहवाल अनुकूल असल्यासच निर्यात, अशी ही शिस्तबद्ध व्यवस्था होती.

असे असूनही २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. शेतकऱ्यांमध्ये ‘सीसीसी’ या नावाने परिचित असलेले हे वाढनियंत्रक आहे. खरड छाटणीनंतर शाकीय वाढ रोखून सूक्ष्मघड निर्मितीस चालना देण्यासाठी ते वापरले जात असे. कीड मारण्यासाठी ते वापरले जात नसले, तरी कायद्याच्या दृष्टीने वाढनियंत्रकही कीडनाशकांतच मोडतात. युरोपात द्राक्षांसाठी त्याची मर्यादा दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. अनेक कंटेनर अडकले आणि निर्यातदार व बागायतदार यांना मोठा आर्थिक फटका बसला.

या मालाजवळ अनुकूल अहवाल होते आणि ते खोटे नव्हते. त्या हंगामाच्या तपासणी-यादीत या रसायनाचा समावेशच नव्हता. शिवाय त्याचा रेणू कायम धनभारित व पाण्यात अतिशय विद्राव्य असल्याने नेहमीच्या बहुअवशेष पद्धतीत तो द्रावकाच्या थरात येत नाही. त्यासाठी मिथेनॉलवर आधारित स्वतंत्र निष्कर्षण करावे लागते. काढणीच्या कितीतरी महिने आधी केलेला वापर फळात उतरेल, ही शक्यताही पुरेशी विचारात घेतली गेली नव्हती. त्यानंतर हे रसायन तपासणी-यादीत आले.

अशीच अन्य उदाहरणे

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड आढळल्याची सूचना दिली. साल्मोनेला जिवाणूंच्या नाशासाठी वापरला जाणारा हा वायू अन्नात मोठ्या प्रमाणावर २-क्लोरोइथेनॉलमध्ये रूपांतरित होतो. त्यामुळे दोहोंचा एकत्रित हिशेब करणारी वेगळी चाचणी लागते. नेहमीच्या बहुअवशेष चाचणीत तो सापडत नाही. चीनमध्ये २००८ साली उघडकीस आलेल्या दूध-भेसळीत तर चाचणीच्या आंधळेपणाचा हेतुपुरस्सर गैरफायदा घेतला गेला. प्रथिनांचे प्रमाण नायट्रोजनवरून अनुमानिले जात होते आणि मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. पाणी घातलेले दूध चाचणीत उत्तीर्ण होत राहिले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली व ६ दगावली.

देशांतर्गत ग्राहकाचा प्रश्न

निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना काढणीपूर्वी घेतला जातो. स्थानिक बाजारात येणाऱ्या मालावर असे बंधन नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ च्या नियमावलीने देशातही अवशेष मर्यादा घालून दिल्या आहेत. परंतु बाजारातून नमुना उचलून अहवाल हाती येईपर्यंत मेथी-कोथिंबिरीसारखा नाशवंत माल खाल्लाही गेलेला असतो. अशी तपासणी भविष्यातील धोरणासाठी उपयुक्त ठरते. त्या दिवशीच्या ग्राहकाचे रक्षण ती करू शकत नाही. त्याचे रक्षण शेतातील फवारणीची प्रामाणिक नोंद आणि प्रतीक्षा काळाचे पालन यांवरच अवलंबून आहे. तपासणी-यादीत कोणती रसायने हवीत, हेही अशा नोंदींवरूनच ठरविता येते.

समारोप

महाविद्यालयीन प्रकल्पांत अन्नातील अवशेष हा लोकप्रिय विषय आहे. मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने प्राध्यापकांनी अशा प्रत्येक निष्कर्षाला पुढील प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. नमुना कोठून व कसा घेतला? नेमकी कोणती रसायने शोधली? मापनाची किमान पातळी किती होती? ज्ञात प्रमाणात मिसळलेले रसायन त्या पद्धतीने किती टक्के परत मिळाले? बहुअवशेष पद्धतींत ते सामान्यतः ७० ते १२० टक्क्यांच्या दरम्यान मिळावे, अशी अपेक्षा असते. या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर ‘आढळले’ आणि ‘आढळले नाही’ हे दोन्ही शेरे सारखेच निराधार ठरतात. २०१० च्या हंगामात यंत्रे वा रसायनतज्ज्ञ कमी पडले नव्हते; कमी पडली ती काय शोधावयाचे याची यादी. ती यादी अहवालाच्या शेऱ्याआधी वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे वर्गात आणि साध्या प्रयोगशाळेतही करता येण्याजोगे काम आहे.