कोरे दप्तर आणि मुलांची जबाबदारी

मुलांसाठी चालणाऱ्या बहुतेक संस्था, मग ते स्काउटांचे पथक असो, सुटीतील शिबिर असो, की एखाद्या मैदानावरील क्रीडामंडळ असो, विनावेतन राबणाऱ्या माणसांच्या आधारावर उभ्या असतात, आणि जो गृहस्थ आपली संध्याकाळ दुसऱ्यांच्या मुलांसाठी खर्ची घालतो, त्याला "आपण यापूर्वी कोठे होता, आणि तेथून का निघालात?" असे विचारणे चारचौघांना अशिष्टपणाचे वाटते. हा संकोच सद्भावनेतूनच उपजतो, पण ज्याचा हेतू शुद्ध नाही अशा माणसाला त्याच्याइतका सुरक्षित आडोसा दुसरा मिळत नाही.

स्कॉटलंडमधील डनब्लेन या लहानशा गावी १३ मार्च १९९६ रोजी सकाळी टॉमस हॅमिल्टन नावाचा इसम प्राथमिक शाळेच्या व्यायामगृहात शिरला आणि त्याने पाच-सहा वर्षांची सोळा मुले व त्यांची शिक्षिका यांचे गोळ्या घालून प्राण घेतले. पाठोपाठ त्याने स्वतःचाही अंत केला. या हत्याकांडानंतर ब्रिटनमध्ये पिस्तुले बाळगण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून हॅमिल्टनच्या आधीच्या बावीस वर्षांचा जो वृत्तांत बाहेर आला, तो मुलांच्या संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने मनन करावा असा आहे.

१९७३ साली हॅमिल्टन स्काउट चळवळीत सहाय्यक नायक म्हणून दाखल झाला. डोंगरातील सहलीवर नेलेल्या मुलांना त्याने कडाक्याच्या थंडीत आपल्या गाडीतच झोपायला लावल्याच्या तक्रारी आल्या, आणि १९७४ च्या मे महिन्यात त्याचे अधिकारपत्र काढून घेण्यात आले. संस्थेने त्याचे नाव नापसंत व्यक्तींच्या यादीत नोंदवले आणि पुन्हा प्रवेश मिळवण्याचे त्याचे प्रयत्नही हाणून पाडले. येथवर सारे योग्यच झाले. पण ती यादी संस्थेच्या अंतर्गत वापरापुरतीच होती, आणि हॅमिल्टनने थोड्याच वर्षांत स्वतःचीच मुलांची मंडळे काढली, ज्यांत तोच संस्थापक, तोच शिक्षक आणि त्याला जाब विचारणाराही तोच. खेळांसाठी जागा मिळत असे ती सरकारी शाळांच्या सभागृहांत. तेथील प्रादेशिक कौन्सिलाने १९८३ साली शंका येऊन जागा नाकारली, तेव्हा त्याने लोकायुक्तासारख्या अधिकाऱ्याकडे दाद मागितली. अनेक पालक त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि कौन्सिलाचाच कारभार सदोष ठरून त्याला जागा परत मिळाली. १९८८ साली लॉक लोमंड सरोवरातील एका बेटावर भरलेल्या त्याच्या शिबिराची पोलिसांनी पाहणी केली, तर त्याने पोलिसांविरुद्धच तक्रारींचा धडाका लावला. १९९१ साली एका पोलीस अधिकाऱ्याने, याचा शस्त्रपरवाना काढून घेण्याचा विचार व्हावा, असे लेखी कळवले. त्यावर काहीही झाले नाही.

आता कल्पना करा, की एखाद्या सावध पालकाने या माणसाचा पोलिसी दाखला मागितला असता. तो दाखला स्वच्छ आला असता, कारण कोणत्याही न्यायालयाने त्याला कधी दोषी ठरवले नव्हते. स्काउटांना एक ठाऊक होते, कौन्सिलाला दुसरे, पोलिसांना तिसरे. हे तीन कागद एका मेजावर कधी आलेच नाहीत. म्हणूनच लॉर्ड कलन यांनी शस्त्रांविषयीच्या शिफारशींबरोबरच मुलांच्या मंडळांना मान्यता देणारी आणि त्यांच्या चालकांची योग्यता तपासणारी राष्ट्रीय व्यवस्था असावी, असेही सुचवले.

डनब्लेननंतर सहा वर्षांनी इंग्लंडमधील सोहॅम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. हत्यारा शाळेचा राखणदार होता. हंबरसाइड पोलिसांकडे त्याच्यावरील आरोपांची माहिती येऊन गेली होती, पण ती नीट जतन झाली नाही. आणि त्याची नेमणूक होताना केंब्रिजशायर पोलिसांनी राष्ट्रीय संगणकावर त्याचे एकच नाव तपासले, दुसरे तपासलेच नाही. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सर मायकेल बिचर्ड यांच्या २००४ च्या अहवालानंतर, मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या तपासणीविषयी २००६ चा कायदा झाला. आज तेथील तपासणीच्या अर्जात उमेदवाराला आपली पूर्वीची सर्व नावे आणि गेल्या पाच वर्षांतील सर्व पत्ते लिहून द्यावे लागतात, आणि स्वयंसेवकाकडून सरकार या तपासणीचे शुल्क घेत नाही. स्कॉटलंडने २०११ पासून आणखी शहाणपणाची तजवीज केली: तेथे माणूस एकदा तपासून सोडला जात नाही, तर नोंदणीकृत सदस्य या नात्याने त्याच्यावर सतत लक्ष राहते, आणि नवीन गुन्हा नोंदला गेला की त्याची दखल घेतली जाते.

न्यायालयात जे सिद्ध झाले नाही त्यावरून एखाद्याला दूर ठेवणे अन्यायाचे नव्हे काय, ही शंका रास्त आहे. माझे मत असे, की तुरुंगात धाडायला निर्विवाद पुरावा लागतो तो लागलाच पाहिजे, परंतु परक्या मुलांचा ताबा मिळणे हा कोणाचाही हक्क नव्हे, आणि तो नाकारणे ही शिक्षा नव्हे. मात्र नकार देताना कारण लेखी नोंदवावे आणि त्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे, नाहीतर द्वेषाने केलेली एक कागाळीही एखाद्या सज्जनाची अब्रू घेईल.

शिवाय तपासणी भूतकाळाची असते आणि मुलांची सोबत वर्तमानकाळात होते. म्हणून कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत, तंबूत वा वाहनात एकटा असू नये, दुसरा प्रौढ दृष्टीच्या टप्प्यात असावा, हा साधा नियम मला सर्व दाखल्यांहून मोलाचा वाटतो. ज्याचे मन स्वच्छ आहे त्यालाही तो खोट्या आळापासून वाचवतो.

आपल्याकडे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून अमलात आहे. त्याखालील २०२० च्या नियमांनी शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिन्या आणि मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या इतर संस्थांवर आपल्या कर्मचाऱ्यांची, कायम असोत वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेण्याचे बंधन घातले. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ च्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर महाराष्ट्र शासनानेही या पडताळणीचा आग्रह धरला. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती पोलिसांनाच पाहता येते, त्यामुळे संस्थेला पोलिसांच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर नाही. आणि त्या नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे; उन्हाळी शिबिराला आठ दिवस येणारा दादा, ढोल-ताशा पथकातील मुलांना शिकवणारा काका, किल्ल्यावर मुले घेऊन जाणारा हौशी गिर्यारोहक यांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. तो उल्लेख होईपर्यंत विश्वस्तांनी स्वयंसेवकाचीही चारित्र्य पडताळणी मागावी, ज्या संस्थेतून तो आला तेथे पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि मुलाचे नाव नोंदवताना पालकांनी शुल्काच्या आधी हे दोन्ही कागद पाहायला मागावेत.