बूट नव्हते म्हणून भारताचा फुटबॉल वर्ल्डकप हुकला? काय आहे खरी गोष्ट, वाचा

फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. १९५० साली भारताला वर्ल्डकपमध्ये जागा मिळाली होती, पण आपले खेळाडू अनवाणी खेळायचे म्हणून त्यांना खेळू दिलं नाही, असा तो मेसेज. ऐकून वाईट वाटतं, लोक पुढे पाठवतात. पण ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

अनवाणी खेळायचे, हे खरं

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचा सामना फ्रान्सशी झाला. आपले बहुतेक खेळाडू बिनबुटाचे होते, काहींच्या पायाला नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. तरी भारत फक्त २-१ ने हरला, आणि त्यातही आपल्या दोन पेनल्टी हुकल्या. अनवाणी खेळणं ही सवय होती. जन्मभर मातीत अनवाणी चालणाऱ्याला नवी चप्पल टोचते, त्यातलाच प्रकार.

जागा मिळाली, हेही खरं

१९५० चा वर्ल्डकप ब्राझीलमध्ये होता. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतली, त्यामुळे भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नावही पडलं.

मग गेलो का नाही?

फुटबॉल महासंघाने तेव्हा कारण दिलं ते संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला कमी वेळ. त्यात ब्राझीलचा प्रवास लांबचा. पण मुळातली गोष्ट अशी, की त्या काळी आपल्याकडे वर्ल्डकपला कुणी फार मोजतच नव्हतं. सगळं लक्ष ऑलिम्पिककडे. त्या काळचे नामवंत बचावपटू शैलेन मन्ना यांनीही पुढे हेच सांगितलं, की आमच्यासाठी ऑलिम्पिकच सर्वांत मोठं होतं.

बुटाची गोष्ट न पटण्याचं आणखी एक कारण आहे. दोनच वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्येही आपले काही खेळाडू अनवाणीच उतरले होते. समोर होता युगोस्लाव्हिया. १०-१ असा दणकून पराभव झाला. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले.

बूट आले, पदकंही आली

संघ कच्चा नव्हता. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून भारताने सुवर्ण जिंकलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईकर नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले आणि भारत चौथा आला. १९६२ ला जकार्तामध्ये दक्षिण कोरियाला २-१ ने नमवून पुन्हा सुवर्ण. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगने त्या सामन्यात गोल केला होता.

या सगळ्यामागे होते हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. कॅन्सर झालेला असताना त्यांनी जकार्ताचं सुवर्ण मिळवून दिलं आणि १९६३ ला ते गेले. १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद आणि १९७० ला आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं. पुढे उतरतीच लागली. १९६० नंतर भारताचा संघ ऑलिम्पिकमध्ये दिसलेला नाही.

खरं नुकसान कुठे झालं?

१९५० ची जागा सोडल्यावर वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत पहिला सामना खेळायला भारताला १९८५ साल उजाडलं. म्हणजे तब्बल ३५ वर्षं. जो संघ आशियात पहिला यायचा, त्याची ऐन भरातली वर्षं अशीच निघून गेली.

बुटाची गोष्ट सांगितली की सगळा दोष गरिबीवर जातो आणि निर्णय घेणारे मोकळे सुटतात. शिवाय आपल्यासारख्यांच्या पोरांचं हे कामच नव्हे, असंही पोरांच्या मनात बसतं. तसं काही नाही. २०१७ ला १७ वर्षांखालील वर्ल्डकप भारतात झाला, त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तालमींच्या नावाने फुटबॉल संघ उतरवणाऱ्या गावातलं हे पोरगं. मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये मात्र भारत आजवर एकदाही खेळलेला नाही.