फारोंचा निळा रंग

रंगपेटीतली निळी वडी संपली की तुम्ही दुकानातून दुसरी आणता. प्राचीन इजिप्तमधील चित्रकाराला ही सोय नव्हती. तांबडा रंग त्याला गेरूपासून मिळे, पिवळा मातीपासून, काळा काजळीपासून. निळी माती मात्र सापडत नसे. निळा दगड होता, तो म्हणजे लाजवर्द. पण तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई व फार महाग पडे. शिवाय त्याची नुसती पूड केली तर तिचा रंग फिका, करडा दिसतो.

मग इजिप्तच्या कारागिरांनी काय केले? त्यांनी निळा रंग भट्टीत तयार केला! पिरॅमिड बांधले जात होते त्या काळी, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, हा रंग तेथे वापरात होता. माणसाने कृत्रिम रीतीने बनविलेले हे सर्वांत जुने ज्ञात रंगद्रव्य होय. राणी नेफरतितीच्या प्रसिद्ध अर्धपुतळ्यावरील मुकुटाचा निळा रंग हाच.

त्याची कृती अशी. वाळू, चुनखडी आणि तांब्याचे खनिज (किंवा काशाचा चुरा) एकत्र करावयाचे. त्यात पापडखाराच्या जातीचा नैसर्गिक सोडा थोडासा घालावयाचा, म्हणजे मिश्रण कमी तापमानाला संयोग पावते. मग हे मिश्रण ८५० ते १००० अंश सेल्सिअस तापमानात कित्येक तास भाजावयाचे. भट्टीत हवा खेळती हवी, नाही तर तांब्याचा निळा रंग उतरत नाही. आच फार वाढली तर निळे स्फटिक मोडतात आणि हाती हिरवट काच येते. तापमापक नसताना त्या कारागिरांनी हे सारे केवळ नजरेने व अनुभवाने सांभाळले, हे ध्यानात घ्या.

पुढे ही विद्या ग्रीक व रोमन लोकांकडे गेली. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने इ. स. पूर्व पहिल्या शतकात तिची कृती लिहून ठेवली. पण तीत चुनखडीचा उल्लेखच नाही! रोमन साम्राज्य कोसळल्यावर या रंगाचा वापर हळूहळू मागे पडला व कृती विस्मृतीत गेली.

ती पुन्हा शोधण्यास रसायनशास्त्र यावे लागले. खाणकामगारांच्या सुरक्षा दीपासाठी प्रसिद्ध असलेल्या हंफ्री डेव्ही यांनी रोम व पाँपेई येथील जुन्या रंगांचे पृथक्करण करून १८१५ साली निबंध प्रसिद्ध केला. १८८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फूके यांनी या निळ्या स्फटिकाची घटना निश्चित केली. त्याच्या एका रेणुसूत्रात कॅल्शियमचा १, तांब्याचा १, सिलिकॉनचे ४ व ऑक्सिजनचे १० अणू असतात. हाच पदार्थ निसर्गातही क्वचित आढळतो. त्या खनिजाला क्युप्रोरिव्हाइट म्हणतात.

आता भौतिकशास्त्राकडे वळू. या स्फटिकात तांब्याचा प्रत्येक आयन ऑक्सिजनच्या चार अणूंनी बनलेल्या चौकोनाच्या मध्यभागी बसलेला असतो. तो पांढऱ्या प्रकाशातील तांबडा, नारिंगी व हिरवा भाग शोषून घेतो. उरलेला निळा भाग परत फिरतो, म्हणून रंग निळा दिसतो. पण शोषलेल्या ऊर्जेचे काय होते? बहुतेक रंगांत तिची उष्णता होते. हा निळा रंग मात्र तिच्यातील बराच भाग अवरक्त प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. त्याची तरंगलांबी सुमारे ९१० नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्यांना हा उजेड दिसत नाही.

न दिसणारा उजेड कसा पाहायचा, हे घरीच करून पाहा. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. रिमोटचे किरणही अवरक्तच, सुमारे ९४० नॅनोमीटरचे असतात. (मागच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही तर पुढचा वापरा.)

याच तत्त्वाने एक जुना वाद मिटला. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातील संगमरवरी शिल्पे आज पांढरी दिसतात. ती मुळात रंगविलेली होती काय? डोळ्यांना रंगाचा मागमूस लागत नव्हता. २००९ साली ब्रिटिश म्युझियममधील शास्त्रज्ञ जोव्हानी व्हेरी यांनी अंधारात या शिल्पांवर तांबडा प्रकाश टाकला आणि फक्त अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा लावला. इंद्रधनुष्याची देवता आयरिस हिच्या मूर्तीच्या कमरपट्ट्यावर ठिपके चमकू लागले! ते या निळ्या रंगाचे सूक्ष्म कण होते. मूर्तीला स्पर्शही न करता दोन हजार चारशे वर्षांपूर्वीचा रंग सापडला.

आता या रंगाला नवी कामे मिळत आहेत. २०१३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांना आढळले, की गरम पाण्यात ढवळत ठेवल्यास या स्फटिकाचे अभ्रकासारखे अतिशय पातळ पापुद्रे सुटतात. असे पापुद्रे जर्मनीतील गटिंगेन येथील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये फळमाशीच्या गर्भात सोडून त्यातील हालचाली अवरक्त प्रकाशात पाहिल्या. ऑस्ट्रेलियात २०१६ साली या रंगाची पूड बोटांचे ठसे उमटविण्यासाठी वापरून पाहण्यात आली. रंगीबेरंगी वस्तूवर साध्या पुडीचा ठसा नक्षीत हरवतो; अवरक्त कॅमेऱ्यात मात्र नक्षी काळी पडते व ठसा उजळतो. २०२५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी बारा निरनिराळ्या कृतींनी हा रंग बनवून पाहिला. गडद निळी छटा येण्यास मिश्रणात निम्म्याच्या आसपास निळे स्फटिक असले तरी पुरते, असे त्यांना आढळले.

सर्वांत उपयोगी ठरेल असे संशोधन कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१८ साली प्रसिद्ध केले. घराला हा रंग दिला तर घर कमी तापेल, असे त्यातून दिसते. का, ते गणिताने पाहू. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ६२० नॅनोमीटरचा तांबडा फोटॉन शोषला गेला तर २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा आत येते. ९१० नॅनोमीटरचा फोटॉन बाहेर पडला तर सुमारे १.३६ परत जाते. म्हणजे फक्त ०.६४ ची उष्णता होते. साध्या निळ्या रंगात पुऱ्या २ ची उष्णता झाली असती. प्रत्येक वेळी फोटॉन बाहेर पडतोच असे नाही, म्हणून ही बचतीची वरची मर्यादा समजावी. तरीही उन्हाने तापणाऱ्या आपल्या गावांना, शहरांना तिचे मोल मोठे आहे.

आता ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनासाठी हेच गणित तुम्ही करा. शेकडा किती ऊर्जा परत जाईल? आणि तांबड्यापेक्षा ती कमी का भरते, याचाही विचार करा.