खरजेचे औषध आणि लेकरांचा मेंदू

घरात खरूज शिरली की वस्तीतल्या आया आम्हाला विचारतात, "ताई, मागची बाटली उरलीय, तीच लावू का?" आधी बाटलीवरचे नाव वाचा. 'लिंडेन' किंवा 'गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइड' लिहिले असेल तर लेकराला लावू नका.

हे क्लोरीन जोडून बनवलेले कीटकनाशक आहे. गटारीकडेला मारायची गॅमेक्सिन पावडर आठवते? तिच्यातला किडे मारणारा मुख्य भाग हाच. (पाणी शुद्ध करायचे क्लोरीन वेगळे. त्या गोळ्या सांगितलेल्या प्रमाणात जरूर वापरा.)

मेंदूत पेशींना शांत करणारे एक रसायन असते, गाबा. ते पेशीचे एक दार उघडते, मग पेशी थंडावते. लिंडेन नेमके तेच दार अडवते. प्रयोगशाळेत उंदरांना ते दिल्यावर आधी ते दचकू लागले, मग थरथर, मग झटके. थोडे थोडे पुन्हा पुन्हा दिले तेव्हा झटका येण्याची मेंदूची सवय लवकर जडली. सशांच्या कातडीवर लावून पाहिले, तर मोठ्यांपेक्षा पिल्लांना जास्त बाधले. पहिले शील पाळणाऱ्या आपल्याला त्या मुक्या जिवांचे हाल खुपतात. पण कळलेले वाया जाऊ देणे त्याहून वाईट.

उंदरात दिसले ते माणसातही दिसले. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधावर कडक इशारा छापायला लावला: बाळे, मुले, म्हातारी माणसे आणि ५० किलोपेक्षा कमी वजनाच्यांना जपून. आपल्या किती बायकांचे वजन ५० किलो भरते? भारतात गॅमेक्सिनसारख्या बीएचसी पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे, आणि कीटकनाशक म्हणून लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद आहे. म्हणून नाव-गाव नसलेली सुटी पुडी घेऊच नका.

खरजेवर सरकारी दवाखान्यात परमेथ्रिनचे मलम विचारा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवायचे. एकट्या लेकराला लावून खरूज जात नाही.

कोणी लिंडेन लावले आणि झटका आलाच, तर कांदा-चप्पल हुंगवू नका, भगताकडे धावू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.